अडलेला कौल

"सोमवारी मुंबयेक हजर व्हायचा," लवू म्हणाला. "तुझा नाव मी देवन इलंय, वासू. आता नाय म्हणा नको."

शेवंती ओटीच्या कोपऱ्यात कुळीथ पाखडत बसली होती. सुपाचा आवाज थांबला. मी तिच्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझी बायको तिथं बसली आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं.

"काम काय?" मी विचारलं.

"बोटीवरच्या कुकाच्या हाताखाली. बटाटे सोलूचे, भांडी घासूची. पण दुनिया बघतलंस! हंय देवाक पाणी घालून घालून मेलंस तरी शेजारच्या गावाक कळाचा नाय."

लवू परब माझा बालमित्र. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आणि एकाच मास्तरांचा मार खाल्ला. तो मॅट्रिकला आपटला, मुंबईला पळाला आणि तिथून बोटीवर गेला. मी पास झालो आणि गावातच राहिलो. नापास झालेला दुनिया हिंडतो आणि पास झालेला घंटा बडवतो, असं म्हणून तो मला डिवचायचा. मी हसायचो, पण मनातून जळफळाट व्हायचा.

आम्ही गुरव. गावच्या रवळनाथाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं. सकाळी विहिरीचं पाणी ओढायचं, देवाला अंघोळ घालायची, फुलं, गंध, घंटा. दुपारी घरी भात, संध्याकाळी देवळात दिवा. मध्ये कुणाचं लग्न नाहीतर बारावं आलं तर तेवढाच फेरफटका. माझी आयुष्यातली सगळ्यात लांबची सफर कोल्हापूरची, तीही वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं. घर शांत होतं. इतकं शांत, की भिंतीवरच्या पालीनं चुकचुक केलं तर दचकायला व्हायचं.

आणि लवू सुटीवर आला की त्याच आमच्या ओटीवर दुनिया उतरायची. दोरखंडांवर बर्फ धरतं आणि ते हातोड्यानं फोडावं लागतं. एका देशात उन्हाळ्यात रात्रच होत नाही, खलाशी झोपायला म्हणून खिडकीला घोंगड्या लावतात. आफ्रिकेतल्या एका बंदरात चुकीच्या दारातून आत शिरला म्हणून लवूला पोलिसांनी डांबून ठेवला, तर यानं तिथल्या जमादाराला माशाचं तिखलं करून घातलं आणि सुटून आला. तो सांगायचा असा, की वाडीतली माणसं जेवणं टाकून ऐकायला येत. मी सगळ्यात पुढं. एका वादळाची गोष्ट मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. डोंगराएवढी लाट, डेकवर सुटलेली पिंपं, दोरी बांधायला धावलेला लवू. तिथवर आला की तो थांबायचा, पाण्याचा तांब्या उचलायचा आणि म्हणायचा, "मग काय, वारो पडलो."

अशा माणसानं माझं नाव बोटीवर देऊन ठेवलं होतं. मी काय नाही म्हणणार!

घरातून आबा बाहेर आले. आबा म्हणजे माझे वडील. गावाचा कौल तेच लावायचे.

"गुरवाचो झील देवाक न इचारता वेशीभायर जावचो नाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी कौल लावया. उजवो दिल्यान तर जा. डावो दिल्यान तर हो विषय परत काढूचो नाय."

आमच्याकडं कौल म्हणजे सरळ हिशेब. देवाची काळ्या दगडाची मूर्ती ओली करायची आणि तिच्या उजव्या नि डाव्या खांद्याखाली पिटकुळीच्या फुलाची एकेक तांबडी पाकळी चिकटवायची. मग देवाला गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, गावचं पान या पाकळीवाचून हलत नसे. मॅट्रिक पास असूनही ती पाकळी डावलायची माझी छाती नव्हती.

लवू गेल्यावर शेवंती उठली. मला वाटलं, आता रडारड होणार. मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

"ट्रंकेत काय काय भरू?" तिनं विचारलं.

"अगो, कौल तरी होवंदे."

"भरून ठेवलेला बरा," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

सुटलो, असं मला वाटलं. बायको शहाणी निघाली म्हणून मी खूशही झालो.

सकाळी देवळात पोचलो तर सभामंडप भरलेला. गुरवाच्या घरचा कौल म्हटल्यावर कोण घरी बसणार? पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. लवू खांबाला टेकून उभा होता. अंगात फुलाफुलांचा बुशशर्ट, हातात मोठं घड्याळ. दुपारच्या बसनं आम्ही दोघांनी निघायचं असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

ज्याचा प्रश्न त्याचा हात मूर्तीला लागायचा नाही, अशी रीत. म्हणून मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसलो. आबांनी मूर्तीवर पाणी घातलं. त्यांचे हात अलीकडं कापायचे. त्या कापऱ्या हातांनी त्यांनी एक पाकळी उजवीकडं लावली, एक डावीकडं. मी टक लावून बघत होतो. आबांना मी घरात हवा होतो, हे काय मला कळत नव्हतं? उजवीकडं अंगठा जरा जास्त दाबला की काम झालं. पण त्यांनी दोन्ही पाकळ्या सारख्याच टेकवल्या आणि मागं सरून हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला.

"तुझ्या पायाकडलो हो वासुदेव तुझी सेवा सोडून दर्यापार जावक बघता. तुझी राजीखुशी आसली तर उजवो दी, नसली तर डावो दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळे पाकळ्यांकडं बघायला लागले.

पाकळ्या हलेनात. मूर्तीच्या गळ्यावरून पाण्याचा थेंब ओघळला, उजव्या पाकळीच्या कडेशी येऊन थांबला. पाकळी जराशी उचलली गेली. थेंब बाजूनं वळला आणि पाकळी परत दगडाला चिकटली. डावी तर अंगाचाच भाग असल्यासारखी बसली होती. कुणीतरी खाकरलं, त्याच्यावर दहा माणसांनी डोळे वटारले.

वेळ जात राहिला. समयांत आबांनी पुन्हा तेल घातलं. उजवी, उजवी, उजवी. एवढं एकच मनात चाललं होतं. एकदा पड, परत तुझ्याकडं काही मागणार नाही, असं मी त्या पाकळीला विनवत होतो. लहानपणापासून शेकडो कौल बघितले, इतका वेळ पाकळी अडल्याचं आठवत नव्हतं. लवू घड्याळ बघून बघून बेजार झाला.

"आबानू, बस चुकतली," तो हळूच म्हणाला.

आबांनी मान वळवली. "बस देवाची वाट बघता. देव बसची वाट बघना नाय."

आमच्या गावात एक समज आहे. पाकळी अडली तर देव कोपला असं कुणी म्हणत नाही. गाऱ्हाण्यात काहीतरी रवलं, म्हणजे सांगायचं राहून गेलं, असं म्हणतात. अर्धा प्रश्न विचारला तर देव उत्तर कशाचं देणार? मग ज्यांचा ज्यांचा त्या गोष्टीशी संबंध असेल त्यांनी पुढं यायचं आणि पोटात ठेवलेलं बोलायचं. आबा मंडपाकडं तोंड करून उभे राहिले.

"काय तरी रवला हा," ते म्हणाले. "वासू, तुझा काय?"

"माझा काय नाय. माका जावचा आसा, बस."

"बायलेक इचारलंस?"

"ती ट्रंक भरून बसली हा."

पुरुषांत हशा पिकला. बायकांत नाही. बायकांच्या घोळक्यातून शेवंती पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मामांनू, माझा सांगूचा रवला हा," ती आबांना म्हणाली.

"बोल गे. देवाकडे बघून बोल."

"ह्येंका जावंदे. मी अडवूची नाय. पण मी रडाक नाय म्हणून सगळी म्हणतत, शेवंती शाणी. मी शाणी नाय. माका रडूक कायच येना नाय." तिचा आवाज चढला. "लगीन होवन ह्या घरात इलंय, तेवापासून माझो घोव माझ्या घरात नाय. जेवता हंय, निजता हंय, मन लवूभावजींच्या बोटीर. मी काय सांगूक गेलंय तर ह्ये 'हां' म्हणतत. खयच्या बोलण्याक 'हां' म्हटला, ता ह्येंका ठावक नसता. गेल्या साली माझी आवस मेली. हंय देवाची पूजा म्हणून ह्ये इले नाय, माका राग नाय. बारावा करून मी परत इलंय. लवूभावजींची बहीण माझ्या माहेरच्या गावात दिलेली. दारात पाय ठेवलंय तर ह्येंचो पयलो सवाल काय? 'लवूचा पत्र इला काय गे तेच्या बहिणीक?'"

आईचं बारावं करून आलेल्या बायकोला मी असं विचारल्याचं मला आठवत नव्हतं. पण मी तसं विचारलं असणार याबद्दल मला जराही शंका आली नाही, आणि त्याचीच लाज वाटली.

"म्हणान म्हणतंय, जावंदे," शेवंती म्हणाली. "बोटीर गेले तर माझो घोव बोटीर आसा, असा माका खरा तरी सांगूक येयत."

"होय म्हाराजा," आबा म्हणाले. त्यांच्यामागून मंडपानं म्हटलं ते अगदी खालच्या आवाजात.

सगळ्यांचे डोळे पाकळ्यांकडं वळले. दोन्ही जागच्या जागी.

"अजून रवला हा," आबा म्हणाले. यावेळी त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. नुसते उभे राहिले.

लवू खांबापासून सुटा झाला. मला वाटलं बाहेर निघाला. त्यानं पायातल्या चपला मंडपाबाहेर काढल्याच होत्या, तरी परत पायाकडं बघितलं, आणि तसाच चालत माझ्या शेजारी उंबऱ्याशी येऊन बसला.

"आबानू, वारो पडाक नाय," तो म्हणाला.

"खयचो वारो?"

"ता वादळ मी सांगतंय, तेतलो. वारो पडलो म्हणान मी गोष्ट संपवतंय. पडाक नाय तो. माझ्याबरोबर देवगडाकडचो एक होतो, आत्माराम म्हणान. आमी दोघां दोरी बांधूक गेलो. लाट इली आणि तेका कठड्याभायर घेवन गेली. तेचो हात माझ्या हातात होतो. माझे पाय घसराक लागले. मी हात सोडलंय."

त्यानं स्वतःचा तळहात उघडून बघितला.

"सोडूक नसतो तर दोघांव गेलो असतो, असा सगळे म्हणतत. कॅप्टनव म्हणालो. पण आता डेकार गेलंय की माझे पाय चलनत नाय. एजंटाक सांगलंय, माका सोड. तो म्हणता, करार पुरो कर नायतर बदली माणूस आण, नायतर उरलेलो पगार बुडालो आणि परत खयच्या बोटीर चढाक मिळाचा नाय." तो माझ्याकडं वळला, पण नजर माझ्या खांद्यावर. "वासू, तुका मी घेवन जातंय ती कुकाच्या हाताखालची जागा माझीच आसा. मी बोटीर चढाचंय नाय. तू एकटोच जातलंस."

याला 'होय म्हाराजा' कुणी म्हणावं? कुणीच म्हणालं नाही. त्याच्या गोष्टी ऐकायला जेवणं टाकून आलेली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. मला संताप यायला हवा होता. माझ्या जिवलग मित्रानं मला स्वतःच्या जागी समुद्रात ढकलायला काढलं होतं. पण मला आठवत होतं ते वेगळंच. ती गोष्ट मी त्याला किती वेळा सांगायला लावली होती! त्या लाटेपाशी त्याला मीच पुन्हा पुन्हा नेऊन उभा करत होतो आणि तो तांब्या उचलून पाणी पीत होता.

"होय म्हाराजा," शेवटी आबा एकटेच म्हणाले.

आणि पाकळी पडली. उजवी.

ती सुटली, देवाच्या पायाशी ओल्या दगडावर पडली, आणि मंडपातून मोठा सुस्कारा निघाला. आबांनी ती उचलून माझ्या हातावर ठेवली. त्यांचा चेहरा पडला होता, पण आवाज कापला नाही.

"उजवो. देवान वाट मोकळी केली हा. जा."

"मी ट्रंकेक कुलूप घालतंय," शेवंती म्हणाली आणि कुणाकडं न बघता देवळाबाहेर पडली.

पाकळी माझ्या तळहातावर होती. हीच तर हवी होती ना? देव जा म्हणतोय, बाप जा म्हणतोय, बायको जा म्हणतेय. मला धरून ठेवणारं गावात कोणी उरलं नव्हतं. आजवर मी मनाशी म्हणायचो, काय करणार, पूजा आहे, आबा आहेत, घर आहे, नाहीतर मीही गेलो असतो. ते सगळं एका पाकळीसरशी गळून गेलं आणि जाणं न जाणं माझ्या एकट्यावर आलं.

लवूनं माझं मनगट धरलं. "वासू, येतलंस मां? मी मुंबयपर्यंत येतंय तुझ्याबरोबर. बोटीर चढवून देतंय."

"मी जावचंय नाय," मी म्हटलं.

एकदम गलका उठला. उजवो कौल मोडता! गुरवाचो झील कौल मोडता! आबांनी हात वर केला.

"देवान परवानगी दिल्यान, हुकूम नाय सोडूक," ते म्हणाले. "उगी रवा."

"मग माका जावचा लागतला," लवू म्हणाला.

"तूव जाव नको."

"आणि खावचा काय?"

"ता बघूया," एवढंच मी म्हटलं. त्यानं माझं मनगट सोडलं आणि डोकं गुडघ्यांत घातलं. त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. तो मुंबईला गेला नाही. पुन्हा कधीच कुठल्या बोटीवर त्याला घेतलं नाही. वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात लागला आणि तिथंच म्हातारा झाला. आम्ही भेटायचो, पावसापाण्याचं बोलायचो. मला त्यानं दोष दिला नाही, आणि धन्यवादही कधी दिले नाहीत.

त्या दिवशी मात्र मी त्याला तसाच टाकून घराकडं पळालो.

शेवंती माजघरात ट्रंकेपुढं बसली होती. भरायचे राहिलेले माझे सदरे घडी करून एकावर एक ठेवत होती. मी दारात उभा राहिलो.

"मी जावचंय नाय," मी म्हटलं.

तिनं पुढचा सदरा घेतला, बाही दुमडली. "उजवो पडलो मां?"

"पडलो."

"मी होय म्हटलंय. मामा होय म्हणाले. मग कित्या रवतास? त्या बुडालेल्याचा ऐकून भियालास?"

"भियालंय," मी म्हटलं. खोटं बोलायचं माझ्यात बळ नव्हतं.

"मग भयान रवतास. उद्या भय जायत, मग परत ओटीर बसून 'हां'." सदरा ट्रंकेत गेला. "असो माणूस माका घरात नको. त्यापेक्षा बोटीर बरो."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. नवरा-बायको म्हणून आम्ही असे समोरासमोर कधी बसलो होतो का, तेही आठवेना.

"शेवंती, मी हंय रवतंय ता..."

"माझ्या आवशीचा नाव काय?" तिनं मध्येच विचारलं.

"काय?"

"माझी आवस. तिचा नाव सांगा. मग ट्रंक रिकामी करतंय."

मी तोंड उघडलं. सासूबाईंना मी 'आये' म्हणायचो, सगळेच म्हणायचे. लग्नात त्यांनी मला ओवाळलं होतं. एकदा फणस घेऊन त्या चालत आमच्याकडं आल्या होत्या. कपाळावरचं गोंदण मला डोळ्यांपुढं दिसत होतं. नाव येईना. लवूच्या बोटीचं नाव मला ठाऊक होतं, कॅप्टनचं ठाऊक होतं, ज्या बंदरांत मी कधी पाय ठेवणार नव्हतो त्यांची नावं मी ओळीनं म्हणून दाखवली असती. शेवंती सदरा हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी ठोकून द्यावं असं एक क्षण मनात आलं. लक्ष्मी असेल, सरस्वती असेल, बरोबर निघालं तर निघालं.

"माका ठावक नाय," मी म्हटलं. "तू सांग."

तिनं हातातला सदरा ट्रंकेत न घालता बाजूला ठेवला.

"गुणवंती," ती म्हणाली. "आणि कशान मेली, ता तरी ठावक आसा?"

"नाय. सांग."

शेवंतीनं ट्रंकेचं झाकण लावलं, त्याच्यावर बसली आणि सांगायला लागली.